‘वॉन्ट’ नव्हे, ‘वुड लाइक’!

‘मला चहा हवा आहे’ हे मराठी वाक्य उद्धट वाटत नाही. त्याचे शब्दशः इंग्रजी रूप ‘आय वॉन्ट टी’ मात्र अनोळखी माणसाला हुकमासारखे ऐकू येते. अशा वेळी ‘आय वुड लाइक सम टी’ किंवा ओघात ‘आयड लाइक सम टी’ असे म्हणावे. ‘वुड’ हे ‘विल’चे भूतकाळी रूप असले, तरी येथे भूतकाळाचा संबंध नाही, ते इच्छेला सौम्य करते. ‘जरा बोलायचं होतं’ या मराठी वाक्यातील ‘होतं’ नेमके हेच काम करते.

पाहुण्याला विचारतानाही हीच रचना वापरावी : ‘वुड यू लाइक सम टी?’ ‘डू यू लाइक टी?’ या प्रश्नाने फक्त आवड विचारली जाते, चहा देऊ केला जात नाही. पुढे क्रियापद आल्यास ‘टू’ जोडावे : ‘वुड यू लाइक टू सिट हिअर?’ स्वतः काही करण्याची तयारी दाखवायची असेल, तर ‘शॅल आय ओपन द विंडो?’ असे विचारावे.

उत्तर ‘येस, प्लीज’ किंवा ‘नो, थँक यू’ असे द्यावे. आपल्याकडे पहिला नकार संकोचाचा समजून आग्रह केला जातो; इंग्रजांच्या रिवाजात तो बहुधा अखेरचा मानतात. त्यामुळे भूक लागली असल्यास आग्रहाची वाट न पाहता पहिल्याच विचारणेला ‘येस, प्लीज’ म्हणणे श्रेयस्कर!