बाचाकेरो : एका मुंगळ्याची कुळकथा

व्हेनेझुएलात 'बाचाको' म्हणजे तांबूस, थोराड मुंगळा. झाडावर चढून जबड्याच्या कात्रीने पानाचा तुकडा कापावा, आपल्या देहाहून मोठा तो तुकडा छत्रीसारखा उभा धरून रांगेने वारुळाकडे न्यावा, हा याचा नित्यक्रम. आणि मौज अशी की ते पान तो स्वतः खात नाही, त्यावर बुरशी पिकवून वारुळातील पिलावळ पोसतो. 'बाचाकेरो' हे नाव ज्या माणसांना मिळाले, त्यांचेही वाहिलेल्या मालाशी नाते असेच परभारे होते.

शब्द रूढ झाला तो पश्चिमेकडील सुलिया प्रांतात. तेथील ग्वाहिरा द्वीपकल्पात व्हेनेझुएला व कोलंबिया यांची सरहद्द 'वायू' जमातीच्या वस्तीमधूनच ओढलेली असल्यामुळे अलीकडचा माल पलीकडे नेणे हा तेथे गुन्ह्यापेक्षा शिरस्ताच अधिक. पंचाण्णव ऑक्टेनचे पेट्रोल 2016 पर्यंत अलीकडे लिटरला 0.097 बोलिव्हार होते, म्हणजे टाकीभर पेट्रोलाहून पाण्याची बाटली महाग. पलीकडे मात्र त्याला जगाच्या बाजारातील मोल. तेव्हा जुन्या, ऐसपैस अमेरिकी मोटारींच्या टाक्या काठोकाठ भरून सरहद्दीपार रित्या होऊ लागल्या, आणि हे पेट्रोल नेणारे 'बाचाकेरो' ठरले. कोलंबियातील कुकुता शहराच्या रस्त्याकडेला हे पेट्रोल 'पिंपिना' नामक प्लॅस्टिकच्या डब्यांतून विकले जाई. (आपल्या पिंपाशी त्याची सोयरीक जुळविण्याचा मोह आवरलेला बरा.)

हा भाव इतकी वर्षे कोणी का वाढविला नाही? 1989 च्या फेब्रुवारीत, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ऊगो चावेझ यांच्या समाजवादी राजवटीच्या दहा वर्षे आधी, पेट्रोल व त्यापाठोपाठ बसभाडे वाढताच राजधानी काराकासमध्ये जो दंगा पेटला, त्यात शेकडो माणसे मेली, आणि ती दहशत पुढील प्रत्येक सरकारच्या मनात घर करून राहिली. अखेर 2016 च्या फेब्रुवारीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निकोलास मादुरो यांनी हा भाव एकदम 6 बोलिव्हारवर, म्हणजे साठपटीहून अधिक वर नेला, तरीही तो स्वस्तच राहिला, इतकी महागाई तोवर माजली होती.

तोपर्यंत शब्दाने मुलूख बदलला होता. ऊगो चावेझ यांनी 2003 मध्ये जीवनावश्यक जिनसांचे भाव हुकमाने बांधून दिले होते. तेलाची मिळकत होती तोवर परदेशी माल आणून त्यामुळे पडणारी मालाची तूट झाकता आली. 2014 मध्ये तेलाचे भाव उतरले आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. मक्याचे पीठ, ज्याची 'आरेपा' ही जाड भाकरी तेथील घरोघरचा आहार, ते मिळेनासे झाले. ओळखपत्राच्या शेवटच्या अंकावरून खरेदीचा वार ठरू लागला, दुकानात अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रे आली, आणि पहाटेपूर्वी रांग धरून नेमून दिलेल्या भावाचे पीठ उचलावे व कोपऱ्यावर कित्येक पटींनी विकावे, असा एक नवा धंदा उदयास आला. पेट्रोलवाल्याचे नाव या पीठवाल्याला आयतेच चिकटले. सरकारने त्याला 'आर्थिक युद्धा'तील शत्रुपक्षात गणून पुनर्विक्रीला कैदेची शिक्षा ठेवली. परंतु नेमलेला भाव आणि खरा भाव यांमधील दरी तशीच राहू दिली, आणि माझ्या मते मुंगळ्याची खरी वाट तीच होती.

मालाची आणि पेट्रोलाचीही वाट मात्र शेवटी फिरली. 2015 च्या ऑगस्टमध्ये तस्करीच्या कारणास्तव बंद केलेली कोलंबियाची सरहद्द पुढल्या जुलैत काही तासांपुरती उघडली, तेव्हा हजारो व्हेनेझुएलन माणसे पूल ओलांडून पीठ, तेल, साखर आणण्यास कुकुतात गेली. आणि 2020 च्या मे महिन्यात, जगातील सर्वांत मोठे तेलसाठे ज्याच्या भूमीत आहेत त्या देशाच्या बंदरांत इराणची पेट्रोल भरलेली जहाजे लागत असता, ताचिरा प्रांतातील पायवाटांनी पेट्रोलाचे डबे येत होते, ते कोलंबियाकडून.