रयतेची विनंतीपत्रे आणि नागपूरचा रेसिडेंट

इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ मध्ये नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने रिचर्ड जेन्किन्स या रेसिडेंटाने, म्हणजे दरबारातील कंपनी सरकारच्या प्रतिनिधीने, नागपूर राज्याचा कारभार हाती घेतला. त्याबरोबर केळझरसारख्या गावांतील रयतेच्या गाऱ्हाण्यांची वाटही बदलली. पूर्वी तक्रार पाटलामार्फत कमाविसदाराकडे, म्हणजे परगण्याचा वसूल पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाई. आता त्याच्यावर इंग्रज सुपरिंटेंडेंट आला.

निरक्षर कुणब्याचे विनंतीपत्र लिहिणाराच्या बोरूतून मोडी लिपीत उतरे आणि ‘विज्ञापना ऐसीजे’ अशा ठरीव शब्दांनी सुरू होई, त्यामुळे त्यातील नम्रता कितपत अर्जदाराची आणि कितपत लेखणीची, हे ओळखणे कठीणच. तरीही नम्रतेच्या या आवरणाखाली हक्काची मागणी असे: सारा माफ व्हावा, वतन चालावे, पंचायतीपुढे फेरनिवाडा व्हावा. त्याच काळात आयर्लंडचे गरीब लोकही डब्लिन कॅसलमधील मुख्य सचिवाकडे असेच अर्ज धाडत होते; परकी सत्तेला तिच्याच न्यायाच्या भाषेत अडवण्याची ही युक्ती दोन्हीकडे सारखी दिसते.

अर्ज करणे केवळ रयतेच्याच नशिबी नव्हते. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी बांकाबाई यांच्या राजघराण्यालाही खलिते आणि वकील पाठवून दाद मागावी लागली. राज्य परत मिळाले नाही, आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला, केळझर ज्यात मोडते तो वर्धा जिल्हा ब्रिटिश मध्य प्रांतातच स्थापन झाला.