वायुनलिका निर्जंतुकीकरण

वायुनलिका निर्जंतुकीकरण म्हणजे मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणेतील हवा वाहून नेणाऱ्या नळ्या (डक्ट) स्वच्छ करून त्यांतील बुरशी, धूळ व दुर्गंधी दूर करण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेतील अनेक घरांत गरम किंवा थंड हवा अशा नळ्यांतून खोल्यांपर्यंत पोहोचवली जाते. त्यामुळे तेथे हा स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९८९ साली स्थापन झाली.

कारणे

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. मात्र त्यांच्या वाढीसाठी ओलावा आवश्यक असतो. यंत्रणेच्या थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते व ते खालच्या तबकातून बाहेर वाहून जाते. हा निचरा तुंबल्यास, नळ्यांचे उष्णतारोधक आवरण फाटल्यास किंवा सांध्यांतून हवा गळत असल्यास आतील भाग ओला राहतो. यंत्रणा सुरू करताच कुबट वास येणे हे याचे लक्षण असू शकते. हा वास काही वेळा नळ्यांऐवजी कॉइलवर वाढलेल्या सूक्ष्मजीवांमुळे येतो.

नळीतील प्रत्येक काळा डाग बुरशीचा असेलच असे नाही. चिकटपट्टीवर घेतलेला नमुना प्रयोगशाळेत तपासून खात्री करता येते.

पद्धत

नळ्यांना शक्तिशाली निर्वात यंत्र जोडून आत कमी दाब निर्माण करतात. त्यानंतर ब्रश व दाबयुक्त हवेच्या साहाय्याने मळ सुटा करून तो ओढून घेतला जातो. पंखा, कॉइल, तबक व जाळ्याही स्वच्छ करणे आवश्यक असते. अन्यथा नळ्या पुन्हा दूषित होतात. काचतंतूंचे अस्तर ओले होऊन त्यावर बुरशी वाढल्यास ते परिणामकारकपणे स्वच्छ करता येत नाही, म्हणून ते काढून नवे बसवावे लागते.

रसायनांचा वापर

जंतुनाशकाची फवारणी ही साफसफाईला पर्याय ठरत नाही, कारण मृत बुरशीमुळेही अ‍ॅलर्जी होऊ शकते. अशा यंत्रणेत वापरण्याची सूचना वेष्टनावर नसलेले रसायन फवारणे धोकादायक ठरू शकते. दुर्गंधी घालवण्यासाठी वापरला जाणारा ओझोन वायू फुप्फुसांना अपायकारक आहे.

उपयुक्तता

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते, नळ्यांच्या साफसफाईमुळे आरोग्याच्या तक्रारी टळतात असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे ही संस्था ठरावीक काळाने सरसकट साफसफाई करण्याची शिफारस करत नाही. नळ्यांत बुरशीची लक्षणीय वाढ दिसत असल्यास, उंदीर वा कीटकांचा उपद्रव असल्यास किंवा धुळीने नळ्या तुंबल्या असल्यास साफसफाईचा विचार करावा, असे ती सुचवते. ओलाव्याचे मूळ कारण दूर न केल्यास बुरशी पुन्हा वाढते. म्हणून निचरा सुरळीत ठेवणे, गळती थांबवणे, गाळणी वेळेवर बदलणे आणि घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांहून कमी राखणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत.

भारतातील स्थिती

भारतातील घरांत प्रामुख्याने खिडकीतील किंवा स्प्लिट प्रकारची वातानुकूलन यंत्रे असतात व त्यांना अशा नळ्या नसतात. तरीही त्यांच्या कॉइल, तबक व निचरा नळीत ओलाव्यामुळे बुरशी वाढू शकते. लांब नळ्यांची यंत्रणा मुख्यतः कार्यालये, रुग्णालये, मॉल व चित्रपटगृहांत आढळते.