राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. हे वृत्त ऐकून आम्हां खानदेशवासीयांसही हळहळ वाटली.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली 'पॅलेस थिएटर' या नावाने ही वास्तू उभारली. याच महाराजांनी १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था काढून तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले होते. उस्ताद अल्लादिया खाँ त्यांचे दरबारगायक होते. शाळा व रंगभूमी ही दोन्ही प्रजेच्या उन्नतीची साधने होत, असेच यावरून दिसते.

आपल्या जळगावचाही येथे ऋणानुबंध आहे. बालगंधर्वांनी बालपणी जळगावी मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. पुढे महाराजांच्या साहाय्याने ते किर्लोस्कर मंडळीत गेले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त ते केशवरावांसोबत उभे राहिले.

आगीनंतर राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये जाहीर केले. पूर्वी खजिना राजाचा होता. आज तो करदात्या जनतेचा आहे. म्हणून हिशेब मागण्याचा हक्क जसा आपला, तशी वास्तू जपण्याची जबाबदारीही आपलीच. गरीब शाळेच्या मुलांनाही तेथे नाटक करणे परवडावे, तरच तो पैसा सत्कारणी लागेल.

भिंती पैशाने उभ्या राहतील. परंतु शागीर्द आणि उस्ताद यांच्यातील जिव्हाळा शाळेतच जपावा लागेल. विद्यार्थिमित्रांनो, ते काम आपले आहे.