गटारात उतरवलेला कामगार कोणाचा? पालिकेचे निर्णय आणि कायद्याची बाजू

सेप्टिक टँक साफ करताना कामगार गुदमरून गेला की पोलीस ठाण्यात पहिली नोंद बहुतेक वेळा ‘अकस्मात मृत्यू’ अशीच होते. ठेकेदार त्याच रात्री घरी येतो, अंत्यविधीचा खर्च देतो, वर काही रक्कम ठेवतो आणि एका कागदावर सही किंवा अंगठा घेतो. कामाच्या निमित्ताने अशा घरांत जाणे झाले आहे. तो कागद वाचून पाहिलेला माणूस घरात क्वचितच सापडतो. त्यामुळे कायदा नेमके काय म्हणतो, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना तोंडपाठ असले पाहिजे.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा केंद्रीय कायदा 2013 चा. तो लागू झाला 6 डिसेंबर 2013 रोजी, म्हणजे महापरिनिर्वाण दिनी. कलम 7 प्रमाणे कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटार अथवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. हातमोजे आणि मास्क दिला की माणूस गटारात उतरवता येतो, असे अधिकारीही सांगतात. ते चूक आहे. नियमांनुसार सुरक्षा साधने देऊनसुद्धा माणसाला गटारात उतरवणे हा अपवादच आहे. यंत्र चालूच शकत नाही अशी काही मोजकी कामे नियमांत दिली आहेत. त्याबाहेर माणूस उतरवायचा असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवून परवानगी द्यावी लागते. माहिती अधिकारात पहिला अर्ज याच लेखी परवानगीसाठी टाका. परवानगी नसेल तर तेच उत्तर तुमचा पुरावा.

भरपाईचा आकडाही बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 च्या निकालात गटार सफाईतील मृत्यूसाठी 10 लाख रुपये ठरवले होते. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात ते 30 लाख झाले. कायमचे अपंगत्व आल्यास 20 लाख, इतर अपंगत्वाला किमान 10 लाख. अजूनही कुटुंबांना जुना 10 लाखांचाच आकडा सांगितला जातो, हे लक्षात ठेवा. आणि टँक खासगी सोसायटीचा होता, आमचा संबंध नाही, असे सरकारी उत्तर आले तर सप्टेंबर 2021 चा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय समोर ठेवा. गोवंडीतील एका खासगी इमारतीचा टँक साफ करताना तीन कामगार गेले होते. न्यायालयाने शासनाला भरपाई देण्यास सांगितले, नंतर ती दोषींकडून वसूल करण्याची मुभा ठेवली.

नागरिकांच्या सुरक्षेचा विषय आला की पालिका हलते, हेही आपण पाहिले आहे. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले. ते व्हायलाच हवे होते. पण त्याच मॅनहोलमध्ये पोटासाठी उतरणारा माणूस ‘नागरिक’ या शब्दात मोजला जात नाही, तो ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा एक आकडा असतो. (कधी कधी तिथेही नाव नसते.)

नोकरीच्या नियमांचा प्रश्न इथेच येतो. गटारे आणि सफाई ही महापालिका व नगरपरिषदांची कायद्याने ठरलेली बंधनकारक कामे आहेत. म्हणजे काम बारमाही, टाळता न येणारे. मग ते करणारा कामगार वर्षानुवर्षे हंगामी कसा? मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हाच मुद्दा लढवला. पालिका त्या कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हणत होती. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा उचलून धरला. बाबासाहेबांनी 1935 मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तोही याच पालिकेच्या कामगारांसाठी.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार मिळणाऱ्या वारसा हक्काबद्दल मात्र माझ्या मनात दुमत आहे. 24 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने त्यातील जुने आदेश एकत्र केले. कायम कामगाराच्या घराला त्यातून खात्रीचा पगार मिळतो, तो कोणी काढून घेऊ नये. पण पदवीधर मुलाच्या हातातही झाडूच यावा ही व्यवस्था आपण हक्क म्हणून मिरवायची का, यावर वस्तीत मोकळेपणाने बोलले पाहिजे. शिवाय ठेक्यावरच्या कामगाराच्या वारसाला तो झाडूही मिळत नाही.

आणखी एक, सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. कलम 10 नुसार घटना घडल्यापासून तीन महिन्यांत तक्रार झाली नाही तर न्यायालय या कायद्याखाली गुन्ह्याची दखलच घेत नाही. पुण्यानुमोदन, शोकसभा, निवेदन, यात दोन महिने सहज जातात. लेखी तक्रारीत 2013 चा कायदा आणि कलम 7 चा उल्लेख करा, पोच घ्या, तारीख तपासा. ठेकेदाराने आणलेल्या कागदावर घरच्यांनी सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा.