कॅल्शियम फॉस्फेट : पाण्यातली घडण आणि वर्तन

पाण्यात कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र येऊन बनणारी, बहुतेक अल्पविद्राव्य अशी खनिजे. दात, हाडे, काही मुतखडे, खतासाठी खणला जाणारा फॉस्फोराइट खडक ही सारी याच कुळातली.

चेन्नईत अण्णा नगरला लागून असलेल्या कोयंबेडूत सांडपाणी शुद्ध करून श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यातल्या कारखान्यांना पुरवणारा, दिवसाला ४.५ कोटी लिटर क्षमतेचा आरओ प्रकल्प आहे. सांडपाण्यात मलमूत्र व धुण्याच्या पावडरीतून फॉस्फेट येते. कॅल्शियम पाण्यात असतेच. आरओच्या पडद्यापार १०० पैकी ७५ लिटर पाणी गेले, की अलीकडच्या २५ लिटरांत क्षार जवळपास चौपट होतात आणि पडद्यावर कॅल्शियम फॉस्फेटची खपली धरू शकते. सांडपाण्यावरच्या आरओत म्हणूनच थोडे आम्ल घालतात किंवा खपलीरोधक रसायन सोडतात.

आम्ल का? सारी सूत्रे सामूच्या हाती असतात. सामू ७.२ च्या खाली उतरला की निम्म्याहून अधिक फॉस्फेट दोन हायड्रोजन धरून बसते, आणि त्या रूपातले कॅल्शियमचे लवण सहज विरघळते. आम्लधर्मी द्रावणातून ब्रशाइट हे कॅल्शियम फॉस्फेट पडते. उदासीन व अल्कधर्मी पाण्यात सर्वांत टिकाऊ ठरते हायड्रॉक्सीॲपेटाइट.

पण टिकाऊ खनिज पहिले येईलच असे नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात फॉस्फेटचे द्रावण ओतले, की बहुधा आधी दुधट, अस्फटिकी साका पडतो. तो हळूहळू विरघळत ॲपेटाइटचे बारीक स्फटिक जुळू लागतात; कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण १.५ च्या आसपासून १.६७ कडे सरकते, सामू घसरतो. मॅग्नेशियम असेल तर हे रूपांतर रेंगाळते.

मिठासाखरेच्या उलट, तापवल्यावर या खनिजांची विद्राव्यता घटते. दूध तापवले की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचा काही भाग द्रावणाबाहेर पडतो, तो यामुळेच.

लाळ तर एरवी कॅल्शियम फॉस्फेटने अतिसंपृक्तच असते. स्टॅथेरिन हे प्रथिन तिच्यात साका पडू देत नाही. तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की मात्र दातांचे कवच झिजू लागते. फ्लोराइड त्यातल्या ॲपेटाइटमधील हायड्रॉक्सिलची जागा घेऊन ते चिवट करते, पण अती झाले तर दात डागाळतात, हाडे जखडतात. मद्रास इलाख्यातल्या, तेव्हाच्या नेल्लोर जिल्ह्यातल्या अशा रुग्णांची नोंद एच. ई. शॉर्ट व सहकाऱ्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केली. पाण्यातले फ्लोराइड शोषणारा हाडांचा कोळसाही मुख्यतः ॲपेटाइटच. भारतात तो धार्मिक संकोचामुळे फारसा रुळला नाही.