पंचशीलाचा शब्द, तिबेटचा करार आणि बाबासाहेबांचा प्रश्न

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा विषय, आपल्या वस्तीचा त्याच्याशी काय संबंध, असा समज आपल्या चळवळीतही आहे. बाबासाहेबांना तो मान्य नव्हता. त्यांनी सप्टेंबर 1951 मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि 10 ऑक्टोबरला निवेदन प्रसिद्ध केले. त्या निवेदनाची चर्चा बहुधा हिंदू कोड बिलापुरतीच होते. पण परराष्ट्र धोरण हेही त्यात एक स्वतंत्र कारण म्हणून नोंदवलेले आहे.

त्यांचा हिशेब साधा होता. सरकारचा वार्षिक महसूल सुमारे 350 कोटी रुपये आणि त्यातले सुमारे 180 कोटी लष्करावर. एवढा खर्च का? कारण संकटात धावून येईल असा मित्र आपल्याला उरलेला नाही, म्हणून संरक्षणाचे सगळे ओझे एकट्याने वाहावे लागते. निम्म्याहून अधिक पैसा तिकडे गेला तर शाळेला, दवाखान्याला, भूमिहीनाला काय उरणार? परराष्ट्र धोरणाचे बिल शेवटी गरिबाच्या दारात येते, हा या हिशेबाचा अर्थ आहे.

कोणत्याही देशाचे परराष्ट्र धोरण संस्कृती, अर्थकारण आणि राष्ट्रहित या तीन धाग्यांनी विणले जाते. संस्कृती शब्द पुरवते, अर्थकारण मर्यादा घालते आणि राष्ट्रहित हिशेब मागते. शब्दांच्या मोहात हिशेब राहून गेला तर काय होते, हे तिबेटच्या बाबतीत दिसले.

29 एप्रिल 1954 रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटशी व्यापार व दळणवळणाचा करार झाला. पाच तत्त्वे त्याच्या प्रस्तावनेत होती. भारताने यातुंग आणि ग्यांत्से येथील सैनिकी तुकड्या मागे घेण्याचे, टपाल-तार व्यवस्था आणि विश्रामगृहे सोडण्याचे मान्य केले. हे हक्क ब्रिटिश साम्राज्याकडून आलेले होते, ते सोडण्यात गैर नव्हते. गैर हे की तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य करताना भारताने सीमारेषेचा प्रश्न लेखी सोडवून घेतला नाही.

26 ऑगस्ट 1954 रोजी बाबासाहेबांनी राज्यसभेत यावर बोट ठेवले. पंचशील हा बुद्ध धम्माचा महत्त्वाचा भाग आहे, आणि माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा युक्तिवाद होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताला येऊन भिडली, हेही त्यांनी सांगितले. शील ही माणसाने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा आहे. सत्तेने तिचे नाव घेतले म्हणून सत्ता शीलवान होत नाही. पुढे 1959 मध्ये दलाई लामांना भारतात आश्रय घ्यावा लागला. आठ वर्षांच्या मुदतीचा तो करार 1962 मध्ये संपला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युद्ध झाले.

नेहरूंची बाजूही पाहिली पाहिजे. देश नुकताच स्वतंत्र झालेला, धान्याची टंचाई. 1951 मध्ये गव्हासाठी अमेरिकेकडून 19 कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले, तर 1955 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला. दोन्ही दारे उघडी ठेवण्यामागे आदर्शवादाइतकीच पोटाची गरज होती. बाबासाहेबांचा कल लोकशाही राष्ट्रांकडे होता. पण लष्करी गटात गेले की सुरक्षितता मिळतेच, असेही नाही. पाकिस्तान 1954 मध्ये सिएटोत गेला, तरी 1971 मध्ये सिएटो त्याच्या कामी आली नाही. उलट त्याच वर्षी भारताने सोव्हिएत युनियनशी 20 वर्षांचा मैत्री करार केला. म्हणजे मित्र कोणता, याचे उत्तर बदलले. पण मित्र हवा, हा बाबासाहेबांचा मुद्दा इतिहासाने खोडला नाही.

संस्कृतीच्या वापराची दुसरी बाजू आपल्या जास्त जवळची आहे. 1956 मध्ये भारत सरकारने बुद्धांची 2500 वी जयंती थाटात साजरी केली, दलाई लामा आणि पंचेन लामा यांना निमंत्रण दिले. जगासमोर भारत बुद्धांचा देश म्हणून उभा राहिला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात लाखोंनी धम्म स्वीकारला, आणि धर्मांतरित बौद्धांच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने 1960 मध्ये राज्यापुरत्या त्या दिल्या, पण केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती व्हायला 1990 साल उजाडले. बाहेर बुद्ध हा देशाचा अभिमान आणि घरात बुद्धाचा अनुयायी हक्काबाहेर, हा विरोधाभास 34 वर्षे चालला.

म्हणून राष्ट्रहित हा शब्द ऐकला की आपण विचारले पाहिजे, या राष्ट्रात कोण कोण मोजले आहे? सीमेवर कोणाची मुले उभी आहेत, आणि वाढलेल्या खर्चापायी कोणाच्या मुलांची शिष्यवृत्ती थांबते? आज पुन्हा बौद्ध वारशाच्या नावाने आशियातल्या देशांशी नाती जोडली जात आहेत. जरूर जोडावीत. पण बुद्धाचे नाव परदेशात घेणाऱ्या सरकारने देशातल्या बौद्धाचा हिशेबही द्यावा. बाबासाहेबांनी 1951 मध्ये संरक्षणखर्चाचा आकडा समोर ठेवला होता. आपणही धोरणावर बोलताना आधी आकडा मागायला शिकू या.

जय भीम.